आईच्या उत्तरांची फोड

"शाळेच्या सभेला बोलावलेली भाजी. तीन अक्षरं."

ही ओळ मी मोठ्यानं वाचली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होती. मी चहाचा कप हातात घेऊन भाज्या आठवत होतो. गवार तीन अक्षरी आहे, अंबाडी तीन अक्षरी आहे, पण त्यांना शाळेत कोण कशाला बोलावेल? आईनं मान वर केली नाही. मेथीची काडी बाजूला टाकत म्हणाली, "पालक."

"कसं काय?"

"तुह्या शाळेत मले बलावत नव्हते का? तू वर्गात बडबड करे म्हून. पालकायची सभा म्हणत त्याले."

चहा हातातच राहिला. शाळेत मराठीची बक्षिसं मी मिळवलेली, कोड्यांच्या ग्रुपात मला घेतलेलं, आणि उत्तर दिलं ते सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईनं. तेसुद्धा माझ्या बडबडीचा जुना हिशेब चुकता करून.

फोनवरचा हा ग्रुप अमरावती आणि अकोला अशा दोन गावांतल्या साठेक माणसांचा. कोडी रचणाऱ्या बाई अमरावतीच्याच, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. रोज सकाळी सात वाजता बाई एक ओळ टाकतात. ओळ दिसायला साधी, पण एखाद्या शब्दाचा भलताच अर्थ घ्यावा लागतो, नाहीतर अक्षरं उलटवावी किंवा गाळावी लागतात. उत्तर ग्रुपवर टाकायचं नाही, बाईंना वेगळं पाठवायचं. पहिलं बरोबर उत्तर कुणाचं ते बाई संध्याकाळी जाहीर करतात, आणि मग त्या माणसानं 'फोड' करायची, म्हणजे उत्तर कसं निघालं ते सगळ्यांना समजेल असं लिहायचं. यात बाई अगदी कडक आहेत. फोड नसेल तर उत्तर धरतच नाहीत.

पालकच्या दिवशीच मी माझा जुना फोन आईला दिला आणि बाईंना सांगून तिला ग्रुपात घेतलं. आठवड्याभरात तिचं नाव तीनदा जाहीर झालं. मला कौतुक वाटलं, थोडं पोटातही दुखलं, आणि आश्चर्य तर मुळीच ओसरेना. शेवटी एकदा विचारलंच की ही कोडी तू कधी शिकलीस.

आमचं शेत अंजनगाव सुर्जीच्या पुढं होतं. भाजीपाला आणि झेंडू. पाणी-खत वडील पाहायचे, बाजार आई करायची. मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर बांधून द्यायला ती रद्दीच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा जवळ ठेवायची. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की त्या रद्दीतली शब्दकोडी सोडवत बसायची. हे मी लहानपणी पाहिलेलं होतं, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. एक गोष्ट तर मला त्या दिवशीच कळली. कोड्याखाली लिहिलेलं असायचं, उत्तर उद्याच्या अंकात. आणि रद्दीच्या गठ्ठ्यात उद्याचा अंक कधीच नसायचा.

"मंग बरोबर आलं का चुकलं, हे तुले समजे कसं?" मीही तिच्याशी बोलताना घरच्याच बोलीवर येतो.

"आडवं उभं जुळलं का समजते. तपासाले कोण होतं तिथं?" आई म्हणाली. "जुळलं का त्याच कागदात मिरच्या बांधाच्या अन् देऊन टाकाच्या."

म्हणजे इतकी वर्षं तिची सोडवलेली कोडी लोकांच्या घरी मिरच्यांबरोबर जात होती, आणि कुणीतरी ती चुरगाळून चुलीत घालत होतं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मला मात्र हे ऐकून फार भारी वाटलं. मी ते चार जणांना सांगून आलो.

उत्तराची दोन-तीन अक्षरं आई एकेक बोटानं टाईप करून बाईंना पाठवायची. फोड लांब असते, ती काही तिला जमेना. ते काम माझ्याकडे आलं, आणि घोळ झाला तो तिथंच.

माझी तीस वर्षं एका सरकारी कचेरीत पत्रांचे मसुदे आणि साहेबांची भाषणं लिहिण्यात गेली. माझ्या हातून साधं वाक्य सहसा निघत नाही. एकदा कोडं होतं, "शेतातला मका उलटा धरला तर हाताला मिळेल. दोन अक्षरं." आईनं मला फोड सांगितली ती अशी, "मका घ्या, उलटा करा, काम भेटलं." आणि मी ग्रुपवर टाकलं, "प्रस्तुत ओळीतील 'मका' या शब्दाच्या अक्षरांचा क्रम उलट केला असता 'काम' हा शब्द प्राप्त होतो. 'हाताला मिळेल' हे शब्द त्याच अर्थाकडे निर्देश करतात." खाली आईचं नाव.

लोकांनी हात जोडले, फुलं पाठवली. काय सुंदर फोड करता आजी, असं लिहिलं. आई ते वाचून म्हणायची, "हे मी कवा म्हणलं?" मी म्हणायचो, अर्थ तोच आहे, फक्त जरा नीटनेटकं केलं. खरं सांगायचं तर ती फुलं मला माझ्यासाठी आल्यासारखी वाटायची. रात्रीच्या जेवणाआधी मी ग्रुप उघडून ती पुन्हा एकदा मोजायचो.

असं आठ-दहा महिने चाललं. मग एका संध्याकाळी अकोल्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं, "आजींची फोड वाचताना सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. आजींच्या नावावर चिरंजीव खेळत आहेत, हे न कळण्याइतके आम्ही दूधखुळे नाही." पाठोपाठ चार-पाच जणांनी हसरे चेहरे टाकले.

परिपत्रक हा शब्द मला झोंबला. पण दुसऱ्याच क्षणी मनात एक गुदगुली झाली. एवढी कोडी मी सोडवतो असं या लोकांना वाटतं तर! मी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

आई ग्रुपवरचं सगळं वाचते, चष्मा नाकावर ओढून, अक्षर न् अक्षर. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "तू काई लिवलं नाई त्यायले?"

"कायले वाद वाढवाचा?" मी म्हणालो.

"तुले बरं वाटून राहिलं," ती म्हणाली. "मी चोर ठरली अन् तुले बरं वाटून राहिलं."

मी नाही नाही म्हणत राहिलो, पण ती उठून गेली होती. फोन तिनं तांदळाच्या डब्यावर ठेवून दिला आणि खेळणं बंद केलं. भाजीबाजारात इतकी वर्षं काढून कुणी तिला मापात खोटी म्हटलं नव्हतं. आणि म्हातारपणी साठ माणसांपुढं ती दुसऱ्याच्या अकलेवर मिरवणारी ठरली होती, तीही माझ्यामुळे.

मी सकाळी मुद्दाम मोठ्यानं कोडं वाचायचो. ती बोलायची नाही. पण मेथीवरचा तिचा हात क्षणभर थांबायचा आणि पुन्हा चालू व्हायचा. तिला उत्तर आलेलं असायचं. मी तिथंच बसून डोकं खाजवायचो, आणि ती भाजी निवडून आत निघून जायची.

माफी मागणारं पत्र मी ग्रुपसाठी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा ते पुन्हा परिपत्रकासारखंच झालं. असलं पत्र टाकून कुणाची खात्री पटणार होती?

वर्षातून एकदा आमच्या ग्रुपचा मेळावा होतो. यंदा तो अकोल्याला होता, एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. तिथं कागदावर कोडी सोडवायची असतात आणि फोड फळ्यापाशी उभं राहून तोंडी करायची असते. मी एकटाच जाईन म्हणालो. आई म्हणाली, "मीबी येते. तू माह्या बाजूले बसाचं नाई."

थंडीचे दिवस होते. सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. मी आदल्या दिवशी एका कागदावर तिच्यासाठी काही वाक्यं लिहून ठेवली होती. सुरुवात कशी करायची, अक्षर गाळलं असेल तर काय म्हणायचं, शेवटी आभार कसे मानायचे. बडनेरा गेल्यावर तो कागद मी तिला दिला. तिनं तो वाचला, मांडीवर पसरला, त्यावर संत्रं सोललं, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत सालं त्याच कागदात बांधून पुडी करून पायाशी ठेवली.

"माय, लोक हसतील तिथं," मी म्हणालो.

"हसू दे ना. हसाले काय लागते?" असं म्हणून तिनं संत्र्याच्या चार फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

हॉलमध्ये बाईंनी सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत गोळा केले. आई पहिल्या रांगेत जाऊन बसली, मी शेवटच्या. दहा कोडी आणि एक तास. मी अधूनमधून पाहत होतो. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, पेन्सिल कानामागे खोचली, आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मग एकदम खाली वाकून लिहायची आणि पुन्हा खिडकीकडे पाहायची. माझी सहा कोडी झाली, सातवं अर्धवट राहिलं. आठवं मात्र वाचताक्षणी सुटलं.

आठवं होतं, "सरकी काढलेला कापूस गाईपाशी सापडला. दोन अक्षरं."

वऱ्हाडातल्या माणसाला याचा विचार करावा लागतो का? सरकी काढली की राहते ती रुई. मी झटकन 'रुई' लिहिलं. गाय तिथं काय करते ते काही कळलं नाही, पण म्हटलं असेल काहीतरी.

कागद गोळा झाले आणि बाई एकेक कोडं घेऊ लागल्या. ज्याचं नाव येईल तो फळ्यापाशी जायचा, फोड करायचा, टाळ्या घेऊन परत यायचा. मुख्याध्यापक पाचदा गेले. फोड चांगली करत होते, ते कबूल करायलाच हवं. आठव्याला बाई म्हणाल्या, "इथं निम्म्या हॉलनं रुई लिहिलं आहे. मुख्याध्यापक सर, तुम्हीही लिहिलंय. करा फोड."

सर उठले. "सरकी काढलेला कापूस म्हणजे रुई, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल," ते म्हणाले. मग गाईपाशी येऊन अडले. "गाय… गाईच्या पूजेला वाती लागतात, वाती रुईच्या असतात…"

"सर, गाईला गादी घातली असं तरी म्हणा," बाई म्हणाल्या, आणि सगळा हॉल हसला. सरही हसत खाली बसले.

"बरोबर उत्तर एकाच कागदावर आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या आईचं नाव घेतलं.

आई उठली. तिनं खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत, बाजारातल्या पाटीवर भाव लिहायची तसं, फळ्यावर 'कापूस' लिहिलं. मग लोकांकडे वळली.

"बोंड फोडलं का सरकी कुठी भेटते?" तिनं विचारलं. हाताची मूठ केली, दुसऱ्या हातानं ती उघडली, बोटं आत घातली. "मधी भेटते. कापूस भवताल अन् सरकी मधी. मंग सरकी काढाची म्हंजे काय काढाचं? मधलं काढाचं." तिनं पदराच्या टोकानं 'पू' पुसला. "काय रायलं? कास. गाईची कास. जिथून आपुन दूध काढतो ते. झालं."

अशा टाळ्या पडल्या की खालच्या मजल्यावरून वाचनालयाचे शिपाई वर पाहायला आले. माझ्या उत्तरात नुसता कापूस होता, आईच्या उत्तरात बोंडही होतं आणि गोठाही.

टाळ्या थांबल्यावर मुख्याध्यापक पुन्हा उभे राहिले. आवाज चढवून नाही, अगदी सरळ म्हणाले, "आजी, फोड पहिल्या नंबरची. पण खरं बोलतो. ग्रुपवरची फोड आणि ही फोड एका माणसाची वाटत नाही."

"नाईच ना एकाची," आई म्हणाली. तिनं खडूनं शेवटच्या रांगेकडे बोट केलं. "ते यानं लिवले."

साठ माना मागं वळल्या. गेले काही दिवस ज्या वाक्यांची मी जुळवाजुळव करत होतो त्यातलं एकही आठवेना. मी उठलो आणि तोंडातून जे आलं ते बोललो. "भाषा माही होती. उत्तर सारे मायचेच होते. मी नुसता शहाणपणा केला. लोकायले वाटलं मीच सोडवतो, अन् मले ते गोड लागलं, म्हून मी गप्प बसलो."

"हे तुम्ही आता म्हणताय," सर म्हणाले. "आम्ही मानायचं कशावरून?"

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हणालो, "बाई, माझा कागद काढा. आठवं उत्तर वाचा."

बाईंनी गठ्ठ्यातून माझा कागद काढला, पाहिला, आणि हसू आवरत तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. 'रुई.' माझ्या ठसठशीत सरकारी अक्षरात, खाली रेघ मारून.

सगळा हॉल खो खो हसला आणि मीही हसलो. चुकल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. आईच्या उत्तरांमागे बसलेला हुशार माणूस सगळ्यांनी पाहिला, आणि तो आईइतका हुशार नव्हता हेही पाहिलं. मुख्याध्यापक रांगेतून पुढं गेले, आईपुढं हात जोडले आणि म्हणाले, "आजी, मी चुकलो. तुमच्या चिरंजीवांसारखाच चुकलो."

"चुकलं तं चुकलं," आई म्हणाली. "पण कदीमदी गाईजवळ जात जा, सर."

दहापैकी आईची सात बरोबर आली, सरांची नऊ. बक्षीस सरांनाच मिळालं आणि ते त्यांनी घेतलंही. पण जेवणाच्या वेळी आईच्या भोवती बायांचा घोळका होता आणि सर तिला वाढत होते. मी दुसऱ्या पंगतीला बसलो.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली. बोरगाव मंजू मागे पडलं. मग माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, "खरं सांग. तू ते रुई मुद्दाम लिवलं का?"

"नाई माय. मले तेच वाटलं."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "मुद्दाम चुकला असता तं मले राग आला असता. मले कोणाची मेहरबानी नाई पाह्यजे."

"आता तू सांगशील तशीच फोड टाकीन," मी म्हणालो. "एक शब्द नाई बदलणार."

तिनं मान हलवली. ती बाहेरची तुरीची शेतं पाहू लागली. मला वाटलं विषय संपला.

"पण तुले कास काहून नाई आलं?" तिनं एकदम विचारलं. "दहा वर्साचा होता तवा रोज सकायी तूच धुवत होता ना गाईची कास. गरम पाण्याचा गडवा घेऊन. तू धुवाचा अन् मी दूध काढाची. दुसऱ्याचा हात लागला का लाथ मारे ते गाय."

मी आठवत राहिलो आणि सगळं आठवलं. गडव्यातल्या पाण्याची वाफ, हाताखालची ती गरम, मऊ कास, दोरीला ओढ देणारं वासरू, आणि मागून आईचा आवाज, हळू धूव, हळू. तो शब्द तर माझ्या हातातला होता. आणि तीस वर्षं मी प्रत्येक साहेबाच्या भाषणात 'विकासाची कास धरा' लिहीत आलो, त्यात एकदाही मला ती गाय आठवली नाही. मला लाज वाटली आणि हसूही आलं. आईनं पिशवीतून उरलेलं संत्रं काढून सोललं आणि अर्धं मला दिलं. मी सालं खिशात ठेवली, कारण या वेळी कागद आणला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सात वाजता कोडं आलं. मी ते मोठ्यानं वाचलं. आईचा मेथीवरचा हात थांबला. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "घे लिहून. मी सांगते तसंच."